कुळागराचं गणित मांडून देणारी दोन मुलं: साडेसात हजारांत काय मिळालं

पत्रकावर छापलं होतं, ‘क्वांटम तंत्राने तुमच्या बागायतीचं नियोजन’. गोव्यात वाळपईच्या बाजारात भुसारी दुकानाच्या काउंटरवर, अगरबत्तीच्या पुड्यांखाली ते दाबून ठेवलेलं होतं. मी १९८९ मध्ये गोवा विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि पुढे अठ्ठावीस वर्षं अकरावी-बारावीला तोच विषय शिकवला. त्यामुळे गादीवर, गळ्यातल्या पदकावर, डोक्याच्या तेलावर ‘क्वांटम’ दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. फोन केला तो खरं सांगायचं तर भांडायलाच.

पलीकडून मुलगा म्हणाला, “टीचर, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. पण एकदा बघून तर घ्या.” त्याने सैद्धांतिक क्वांटम भौतिकीत डॉक्टरेट केलेली, एकाशेजारी एक मांडलेल्या फिरकीच्या (स्पिनच्या) कणांच्या साखळ्यांवर. त्याची जोडीदार कृषी अर्थशास्त्राची. दोघं डिचोली-सत्तरी-फोंडा भागात फिरून कुळागरांचे, म्हणजे पोफळी-माडांच्या मिश्र बागायतींचे, हिशेब मांडून देतात. फी साडेसात हजार. त्यात तीन भेटी, एक अहवाल, एक स्प्रेडशीट आणि वर्षभर फोनवर शंकासमाधान. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि मुलं नवी आहेत. आमच्या भागात कोणालाही विचारलंत तरी कळेल.

आमचं कुळागर पावणेदोन हेक्टरांचं, उतारावर चाळीस टप्पे, खाली व्हाळ, म्हणजे ओढा. पोफळी, माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, मधूनमधून जायफळ, केळी, अननस. चाळीसांतल्या अकरा टप्प्यांवरच्या पोफळी म्हाताऱ्या झाल्यात. तिथे पुन्हा काय लावायचं हा पहिला प्रश्न. दुसरा जरा नाजूक होता. शेजारचा तुकडा विकायला निघाला होता आणि माझ्या यजमानांचा जीव त्यात अडकला होता.

पहिली भेट पूर्ण दिवसाची. मुलगी सासऱ्यांच्या वह्या घेऊन ओटीवर बसली. १९९४ पासूनच्या वह्या, लाल कापडी पाठीच्या, प्रत्येक पाडणीचा आकडा पेन्सिलीने लिहिलेला. नारळ शेकड्यात, सुपारी किलोत, मिरी कधी किलोत तर कधी नुसती “दोन डबे”. “हा डबा कुठला, काकी?” तिने विचारलं. मी आतून डालड्याचा जुना डबा आणून दिला. तिने तो मिरीने भरला, वजन केलं आणि वहीत टीप लिहिली. त्या क्षणी मला वाटलं, पैसे फुकट जाणार नाहीत.

मग एक फॉर्म. ‘जोखीम सोसण्याची तयारी, १ ते १०.’ यजमानांनी लिहिलं १०, मी लिहिलं ३. मुलीने दोन्ही आकडे घेतले आणि गणित दोनदा चालवलं. दहाला उत्तर आलं जवळजवळ सगळी सुपारी. तीनला माड आणि जायफळ आत आले, सरासरी उत्पन्न थोडं घटलं, पण वाईट वर्ष एवढं वाईट राहिलं नाही. पिकांच्या मिश्रणात उत्पन्नाबरोबर त्याचा चढउतारही मोजायचा ही रीत नवी नाही. गुंतवणुकीसाठी अर्थतज्ज्ञ मार्कोविट्झने ती १९५२ मध्ये मांडली आणि चारच वर्षांत ती शेतीच्या नियोजनात आली. नवं एवढंच की ती आमच्या जेवणाच्या टेबलावर आली आणि पस्तीस वर्षांच्या संसारात जे बोललो नव्हतो ते त्या दिवशी बोललो.

आता मुख्य माल. पाया आहे लिनियर प्रोग्रॅमिंगचा. आपल्याकडे जे जे मोजकं आहे त्याची यादी करायची: टप्पे, एप्रिल-मेमधले पाण्याचे तास, पाडेलीचे (माड-पोफळीवर चढून फळं पाडणाऱ्याचे) दिवस, घरची माणसं, हातातली रोकड. एकेक झाड यांतलं काय किती खातं ते लिहायचं आणि या कुंपणांच्या आत राहून नफा जास्तीत जास्त कसा होईल ते शोधायचं. अमेरिकन गणितज्ञ डान्ट्झिगने १९४७ मध्ये ते सोडवायची पद्धत दिली. त्याआधी १९३९ मध्ये लेनिनग्राडला कांटोरोविच प्लायवुडच्या कारखान्यासाठी अशाच गणिताशी झुंजत होता, त्याला पुढे १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या चाळीस टप्प्यांचं उत्तर लॅपटॉपने डोळ्याचं पातं लवायच्या आत दिलं.

पण काय लावा हे सांगणाऱ्या उत्तरापेक्षा त्याच्या पोटातून निघणारी दुसरी यादी मोलाची. प्रत्येक मर्यादेपुढे एक रक्कम: ही गोष्ट आणखी एक नग मिळाली असती तर नफा किती वाढला असता. अर्थशास्त्रात हिला छाया-किंमत म्हणतात. आमच्या अहवालाचं मराठी भाषांतर कुठल्याशा यंत्रातून काढलेलं, त्यात छापलं होतं ‘सावलीचा दर’. यजमान चष्मा लावून वाचत होते. “माडाच्या सावलीला पण पैसे लावले ह्यांनी?” कुळागरात सावली हा खराच जिन्नस असल्यामुळे घोटाळा आणखी वाढला. वीस मिनिटं त्यातच गेली.

तर ती यादी अशी. एप्रिल-मेमधला पंपाचा एक जादा तास: २९० रुपये. सुगीतला पाडेलीचा एक जादा दिवस: त्याला आम्ही देतो त्याच्या दुपटीहून जास्त. आणि जमिनीचा एक जादा टप्पा: शून्य.

शून्य बघून यजमानांचा चेहरा उतरला. मुलीने समजावलं ते मला फार आवडलं. ती म्हणाली, “काका, आहेत त्या अकरा टप्प्यांतले दोन गणिताने रिकामेच ठेवलेत. मे महिन्यात त्यांना पाजायला पाणी नाही. जे आपल्याकडे उरतंय ते आणखी आणून काय करायचं?” एवढंच. जी मर्यादा आवळत नाही तिची किंमत शून्य, जी आवळते तिचीच किंमत. हे मी कॉलेजात सिद्धतेसकट शिकले होते, पण आमच्याच व्हाळाच्या पाण्याबद्दल मला ते कधी सुचलं नव्हतं. तुकडा घ्यायचा बेत आम्ही सोडला आणि वरच्या अंगाची जुनी दगडी तळी उपसून, फटी बुजवून घेतली. त्या मेमध्ये पंचावन्न तासांचं पाणी जास्त मिळालं.

इथे एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली नाही, मी विचारली तेव्हा कळली. ते २९० रुपये कितीही तासांना लागू नाहीत. साठाच्या पुढे तास गेले की पाण्याची किंमतही शून्यावर येते, कारण मग पाडेली आवळायला लागतो. ही कक्षा स्प्रेडशीटच्या तिसऱ्या पानावर होती, अहवालात नव्हती. एखाद्याने २९० ला हजाराने गुणून बोअर मारली असती तर?

जरा बाजूला जाते. या दुसऱ्या यादीमागचं द्वैताचं तत्त्व (अशा प्रत्येक गणिताला किमतींचं एक जुळं गणित असतं) डान्ट्झिगला कुणी सांगितलं माहीत आहे? १९४७ च्या ऑक्टोबरात तो आपला प्रश्न घेऊन प्रिन्स्टनला गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनकडे गेला. फॉन नॉयमनने ऐकता ऐकता उठून फळ्यापाशी दीडेक तास त्यालाच शिकवलं. पंधरा वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, क्वांटम यांत्रिकीचा गणिती पाया याच माणसाने घातला होता. तेव्हा अणू आणि पोफळ एका वहीत असण्यात वावगं काहीच नाही. मुलांनी पत्रकावर हे छापलं असतं तर मी भांडायला फोन केला नसता.

आता क्वांटमची बाजू. पहिल्या गणिताने किती लावायचं ते ठरलं. कुठे लावायचं हे मुलाचं काम. एका टप्प्यावर सहा पर्याय: पोफळ, माड, जायफळ, केळ, अननस किंवा रिकामा. शेजारच्या टप्प्यावर काय आहे यावर फायदा-तोटा बदलतो. चाळीस टप्पे धरले तर मांडण्या सहाचा चाळिसावा घात, म्हणजे एकावर एकतीस शून्यांच्याही वर. हे त्याच्या ओळखीचं दुखणं. प्रत्येकाला वर-खाली अशा दोनच अवस्था असलेले चाळीस कण घेतले तरी त्यांची पूर्ण अवस्था लिहायला सुमारे १.१ लाख कोटी आकडे लागतात. म्हणून त्या क्षेत्रातले लोक शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या परिणामांवर लक्ष ठेवून बाकीचं आटोक्यात आणतात. त्याने तेच केलं. नफ्याला उणे चिन्ह लावून त्याला ऊर्जा म्हटलं आणि सगळ्यात कमी ऊर्जेची मांडणी शोधली. शोधायची रीत लोहाराच्या भट्टीतली: तापवायचं, मग हळूहळू निवू द्यायचं. सुरुवातीला वाईट बदलही खपवून घ्यायचे, पुढे पुढे कमी. १९८३ पासूनची प्रसिद्ध पद्धत आहे ही.

मी विचारलं, “यात क्वांटम कुठे?” तो हसला. यात नाही. ही साधी औष्णिक रीत. तिची क्वांटम बहीण १९९८ मध्ये जपानात मांडली गेली आणि त्या जातीची यंत्रं निरपेक्ष शून्याच्या वर पंधरा-वीस सहस्रांश केल्विन एवढ्या थंडीत चालतात. आमच्या ओटीवर तसलं काही चालवायचं तर आधी पावसाळ्यात वीज टिकली पाहिजे. सगळं काम त्याच्या दोन वर्षं जुन्या लॅपटॉपवर झालं.

माझी दुसरी हरकत अधिक खमंग होती. प्रश्न चाळीस टप्प्यांचा नाहीच, अकरांचा. बाकीचे एकोणतीस लागलेले आहेत, ते कोण उपटतंय? सहाचा अकरावा घात म्हणजे ३६ कोटी २७ लाख ९७ हजार ५६. एवढ्या मांडण्या लॅपटॉप एकेक करून मोजेल. मी चहा टाकायला आत गेले, तोवर त्याने प्रोग्रॅमच्या ओळी बदलल्या आणि भजी तळून होईपर्यंत उत्तर आलं. भट्टीवाल्या रीतीपेक्षा वर्षाला चारशे रुपयांनी चांगलं. मुलगा लाजला, पण उत्तर लपवलं नाही आणि पुढच्या अहवालात तेच घातलं. त्याचे गुण मी वेगळे देते.

नकाशा मात्र आधी चुकला होता. रंगीत छापून आणलेला, माडाला निळा, पोफळीला केशरी. यजमानांनी तो हातात घेतला, खळ्यात जाऊन दिशेला धरला आणि म्हणाले, “ह्याने सूर्य कुठे मावळतो ते विचारलं नाही वाटतं.” पोफळीचं खोड नैर्ऋत्येकडच्या दुपारच्या उन्हाने भाजतं. एकदा साल तडकली की ते झाड गेलंच. म्हणून उंच झाड त्या अंगाला हवं. नकाशात माडांची ओळ बरोबर उलट, ईशान्येला. मी गणित उघडून बघितलं. माड आणि पोफळ शेजारी आले की एक ठरावीक फायदा धरलेला, मग माड कुठल्याही बाजूला असो. चुंबकाच्या कणांत असंच असतं, मी तुझी शेजारीण तशी तू माझी. कुळागरात तसं नसतं. त्याला ते सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. पुढच्या भेटीत नकाशा दुरुस्त होऊन आला.

अशीच दुसरी चूक जुलैची. पावसात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळींच्या शेंड्यावर बोर्डो मिश्रण मारतात: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे ऐन जुलैत. मॉडेलमध्ये जुलैचे मजुरीचे दिवस धरले होते सव्वीस. त्या दिवशी आमचा पाडेली सहज आला होता, ओटीच्या पायरीवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, “वहिनी, जुलैत सव्वीस दिवस खंय असतात? चार असतात. बाकी पाऊस.” ओल्या खोडावर चढता येत नाही, चढलं तरी औषध धुऊन जातं. सव्वीसाचे चार केल्याबरोबर सगळं गणित हललं आणि सुपारीचे दोन टप्पे कमी झाले. माकडांचंही तसंच. नारळाचं उत्पन्न वह्यांच्या सरासरीतून घेतलेलं आणि सासऱ्यांच्या काळात माकडं एवढी खाली उतरत नव्हती. आता शहाळी हातात धरून पितात आणि करवंटी आपल्या अंगावर टाकतात. हेही आम्हीच सांगायचं.

मुलीच्या कामातला उत्तम भाग भावांच्या चक्राचा. तिने विचारलं, “तुमच्याकडे व्हॅनिला लावली होती का कधी?” मी तिला मागच्या टप्प्यावर नेलं. गिरिपुष्पावर चढलेले दोन वेल अजून आहेत. २००० च्या वादळात मादागास्करची लागवड झोडपली गेली, भाव चढत गेला आणि आमच्याकडेही प्रत्येकाने वेल आणले. आम्ही २००२ मध्ये. वेल फुलायला तीनेक वर्षं लागतात. फूल एकच सकाळ उमलतं आणि इथे ते फळवणारा कीटक नाही. रेयुनियन बेटावरच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने, एडमंड आल्बियसने, १८४१ मध्ये शोधलेल्या युक्तीने एकेक फूल हाताने फळवावं लागतं. शाळेला जाण्याआधी साडेसहाला मी माडाच्या हिराची काडी घेऊन उभी असायची. पहिल्या शेंगा भरल्या तोवर २००५ उजाडलं होतं आणि भाव तळाला गेला होता.

तिने कागदावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा काढल्या आणि त्यांच्यामधून चौकोनी गिरक्या घेत जाणारी तिसरी. कोळीष्टक. अर्थतज्ज्ञ काल्डॉरने १९३४ मध्ये याला तेच नाव दिलं: आजचा भाव बघून लावायचं, पीक येईल उद्या, तोवर सगळ्यांचंच आलेलं. मग तिने पुढची पायरी सांगितली. १९५८ मध्ये नेरलोव्हने दाखवलं की शेतकरी इतका भाबडा नसतो, गेल्या खेपेला अंदाज जितका चुकला त्यातला काही हिस्सा तो पुढच्या अंदाजात सुधारून घेतो. यजमान बोलले नाहीत, पण त्यांनी फॉर्मवरचा १० खोडून ६ केला.

एवढं समजावणाऱ्या मुलीच्याच अहवालात पान २७ वर सुपारीच्या भावाचा दहा वर्षांचा अंदाज एका सरळ वर जाणाऱ्या रेघेने काढलेला होता. मी नुसतं बोट ठेवलं. “गिऱ्हाईक मागतात, काकी,” ती म्हणाली. ते पान फाडून टाका.

एक राहिलं. तीस वर्षांच्या मासिक पावसाचे आकडे मुलाने दोन-तीन मूळ आकारांत बसवले होते आणि त्या रीतीला दोन गणितज्ञांचं नाव दिलं होतं, कार्हुनेन-लोएव्ह. मी लाल पेनाने बाजूला ‘कोसंबी’ लिहिलं. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, कोसबें, गोवा. १९४३ मध्ये त्या दोघांच्याही आधी त्यांनी हे छापलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं जे सूत्र दिलं, ते पिकांच्या पैदाशीचे लोक आजही वापरतात. गोव्यातल्या बागायतीच्या अहवालात गोव्याच्याच माणसाचं नाव नाही म्हणजे काय?

किरकोळ तक्रारी. सहा आठवडे सांगून अकरा लावले. स्प्रेडशीटच्या महत्त्वाच्या चौकटींना पासवर्ड होता, तो मागितल्यावर लगेच दिला, पण मागावा का लागावा? मूळ अहवाल चौतीस पानांचा इंग्रजी. मराठीचं वर सांगितलंच, ‘सावलीचा दर’. फोन मात्र दर वेळी उचलतात.

शेजारचा तुकडा शेवटी बाहेरच्या माणसाने घेतला. काय भावाने ते ऐकून यजमान दोन दिवस गप्प होते. पाण्याविना ज्याची किंमत शून्य, त्याला एवढे पैसे! मी मुलीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, त्या भावात सुपारी नाही, काकी, बंगला आहे, आणि बंगल्याचं मॉडेल आम्ही करत नाही.

पाचांपैकी साडेतीन तारे. अर्धा ‘क्वांटम’ शब्दासाठी कापला, अर्धा पान २७ साठी, अर्धा भाषांतरासाठी. बोलवायचं असेल तर पावसाळ्यात बोलवू नका, सुगीतही नको. एप्रिलमध्ये बोलवा, पाण्याची खरी ओढ दिसते. वह्या आधी काढून ठेवा, डबे-मापं हाताशी ठेवा, उत्तर दिशा त्यांना स्वतः दाखवा. आणि त्या दिवशी पाडेलीला मुद्दाम घरी बोलवून घ्या. त्याच्या चहा-भजीचे पैसे फीमध्ये धरलेले नाहीत.